अर्थसंकल्प, पुरवणी मागण्या आणि शाळांचा पैसा : मतदारसंघातून आलेल्या प्रश्नांची उत्तरे

राज्य विधिमंडळाचं पावसाळी अधिवेशन १८ जुलै २०२५ रोजी संपलं. आमदार म्हणून गावोगावी फिरतो तेव्हा लोक रस्ता-पाण्याच्या खालोखाल शाळेचंच विचारतात, आणि बहुतेक प्रश्न फिरून तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांची नावं आणि गावं मुद्दाम गाळली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण गुंता तिथेच आहे.

२०२५-२६ चा राज्याचा अर्थसंकल्प किती कोटींचा? टीव्हीवर एकजण एक आकडा सांगतो, दुसरा भलताच.

१० मार्च २०२५ रोजी विधानसभेत तेव्हाचे वित्तमंत्री अजित पवार यांनी २०२५-२६ चा अर्थसंकल्प मांडला. त्याच वेळी विधान परिषदेत वित्त राज्यमंत्री आशिष जयस्वाल यांनी तो वाचला. एकूण खर्चाचा अंदाज ७,००,०२० कोटी रुपये. बोलताना 'सात लाख वीस कोटी' म्हटलं की निम्मे लोक 'सात लाख वीस हजार कोटी' ऐकतात. घोळ तिथे होतो.

त्यात महसुली जमा ५,६०,९६४ कोटी आणि महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी धरला आहे. म्हणजे रोजचा कारभार चालवायलाच ४५,८९१ कोटी कमी पडतात. ही महसुली तूट. हा आकडा लक्षात ठेवा. पुढे 'निधी उपलब्धतेनुसार' असा शेरा कुठे दिसला, तर त्याचं मूळ इथे आहे.

यात शाळांच्या वाट्याला काय?

शालेय शिक्षणाचा बहुतांश पैसा पगारावर जातो. जिल्हा परिषदेचे शिक्षक, खासगी अनुदानित शाळांचे शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचारी या सगळ्यांचा पगार राज्याच्या तिजोरीतून होतो. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात हा खर्च मुख्यतः २२०२ या लेखाशीर्षाखाली (खर्चाच्या खात्याचा क्रमांक) सापडतो. मंत्र्यांच्या भाषणात शिक्षण विभागाचा जो आकडा ऐकू येतो, तो बहुधा नव्या-जुन्या कार्यक्रमांचा असतो, पगार त्यात नसतो. म्हणून भाषण ऐकून 'शिक्षणाला एवढेच?' म्हणणारे आणि पुस्तक बघून 'एवढे देऊन शाळांची ही दशा?' म्हणणारे, दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

पगार भागल्यावर खोली, संडास, वीज, खडू, प्रयोगशाळा यांना जे उरतं, ते फार थोडं असतं. आपली बहुतेक गाऱ्हाणी याच थोड्याशा पैशाची आहेत.

मार्चमध्ये अर्थसंकल्प मंजूर झाला ना? मग जूनमध्ये पुन्हा पैसे कशाला मागितले?

त्याला पुरवणी मागण्या म्हणतात. वर्षभराचा अंदाज चुकला, नवी योजना आली, केंद्राचा हिस्सा आला आणि त्याला जोड द्यायची झाली, की सरकार पुन्हा सभागृहात येतं. संविधानाच्या कलम २०५ मध्ये ही सोय आहे. २०२५ मध्ये ३० जूनला, अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी, ५७,५०९ कोटी ७१ लाखांच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या.

पुरवणी मागण्या असणं वावगं नाही. पण अर्थसंकल्प मांडून चार महिनेही झाले नसताना एवढी मोठी पुरवणी लागते, तेव्हा मार्चमधला अंदाज कितपत गंभीरपणे केला होता, हे विचारायला हवं. मी सभागृहात हे बोललो आहे. पुढे कुठलंही सरकार आलं तरी बोलेन.

बाकी चर्चा म्हणाल तर, विभागवार मागण्यांवर बोलायला ठरावीक दिवस असतात. वेळ संपली की उरलेल्या मागण्या चर्चेविना एकगठ्ठा मताला टाकतात. आमच्याकडे त्याला गिलोटिन म्हणतात. मग विनियोजन विधेयक येतं. ते मंजूर झाल्याशिवाय तिजोरीतून रुपया निघत नाही. विधान परिषदेत अर्थसंकल्पावर चर्चा होते, पण मागण्यांवर मतदान फक्त विधानसभेत. धन विधेयक परिषद जास्तीत जास्त १४ दिवस ठेवू शकते, अडवू शकत नाही.

आमच्या शाळेला अनुदान मिळावं म्हणून तुम्ही विधेयक का मांडत नाही?

हा प्रश्न कळकळीने विचारला जातो, म्हणून सरळ सांगतो. शाळांचं अनुदान महाराष्ट्रात विधेयकाने ठरत नाही, शासन निर्णयाने ठरतं. पैशाची तरतूद सभागृह मंजूर करतं. पण कुठल्या शाळेला, किती टक्के, कुठल्या तारखेपासून, हे विभाग जीआर (शासन निर्णय) काढून ठरवतो. त्याआधी मंत्रिमंडळाची मान्यता आणि वित्त विभागाची सहमती लागते.

मी अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या आमदाराचं) मांडू शकतो. पण ज्या विधेयकामुळे तिजोरीतून खर्च होणार, ते राज्यपालांच्या शिफारशीशिवाय सभागृहाला मंजूर करता येत नाही. राज्यपाल चालतात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. म्हणजे फिरून पुन्हा सरकारच्याच दारात. असं विधेयक मांडलं की वर्तमानपत्रात फोटो येतो, शाळेच्या खात्यात काही येत नाही.

जीआरची ताकद आणि तिचा धोका दोन्ही २०२५ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. पहिलीपासून हिंदीचे १६ एप्रिल आणि १७ जूनचे शासन निर्णय सभागृहात मतदान न होता निघाले, आणि २९ जूनला ते रद्द करण्याचं जाहीरही तसंच झालं. मग डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्यावर बरेच प्रश्न आले आहेत, पण तो विषय पैशाचा नाही, म्हणून इथे एवढंच.

'टप्पा अनुदान' म्हणजे नेमकं काय? आमच्या हायस्कूलचे सर गेली कित्येक वर्षं अर्ध्या पगारावर आहेत.

यासाठी थोडं मागे जावं लागेल.

साधारण २००० सालानंतर राज्याने नव्या शाळांना परवानगी देताना 'कायम विनाअनुदानित' अशी अट घातली. शाळा काढा, पण पैसे मागू नका. गावागावात शाळा निघाल्या, कारण गरज होती. शिक्षकही लागले. पोरं शिकली, शिक्षक मात्र बिनपगारी किंवा संस्था देईल त्या रकमेवर राहिले. बऱ्याच आंदोलनांनंतर २० जुलै २००९ च्या शासन निर्णयाने 'कायम' हा शब्द काढला. मग १५ नोव्हेंबर २०११ च्या निर्णयाने मूल्यांकनाचे निकष आले, आणि पात्र शाळांना टप्प्याटप्प्याने अनुदान द्यायचं ठरलं : २०, ४०, ६०, ८० आणि शेवटी १०० टक्के.

हे टक्के पगाराचे. २० टक्क्यांवरच्या शाळेतल्या शिक्षकाला शासनाकडून पगाराचा पाचवा हिस्सा मिळतो. मूळ कल्पनेत दर वर्षी एक टप्पा वाढायचा होता. तसं झालं असतं तर आज हा प्रश्नच उरला नसता. प्रत्यक्षात प्रत्येक टप्प्याला नवा जीआर, नवी तपासणी, नवी यादी, त्रुटी, फेरतपासणी. दर वेळी मुंबईत आझाद मैदानावर आंदोलन.

१४ ऑक्टोबर २०२४ रोजी, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, वाढीव २० टक्के टप्प्याचा शासन निर्णय निघाला. निर्णय कागदावर आला, पण त्यासाठीचे पैसे मार्चच्या अर्थसंकल्पात दिसले नाहीत आणि जूनच्या पुरवणी मागण्यांतही दिसले नाहीत. म्हणून ८ आणि ९ जुलै २०२५ ला राज्यभर शाळा बंद राहिल्या आणि हजारो शिक्षक भर पावसात आझाद मैदानावर बसले. तिथे सरकारने निधी देण्याचं आश्वासन दिलं.

आश्वासनावर मी समाधानी नाही, आणि तुम्हीही होऊ नका. आता बघायचं ते निधी वितरणाच्या आदेशाकडे. तो निघाला की शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या वेतन पथकाकडे पैसे येतात, शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत देयक (बिल) तयार होतं, मग खात्यात जमा. यात आणखी एक अडथळा आहे. नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण उघडकीस आल्यापासून कागदपत्रांची छाननी कडक झाली आहे. कडक व्हायलाच हवी. पण ज्याची नेमणूक, मान्यता, हजेरी सगळं रीतसर आहे, त्याने दुसऱ्याच्या लबाडीपायी महिनोन्‌महिने का थांबावं? आपल्या तालुक्यातल्या ज्या शाळांच्या फायली 'पडताळणी प्रलंबित' म्हणून पडून आहेत, त्यांची यादी मुख्याध्यापकांनी माझ्याकडे द्यावी.

एक गोष्ट स्पष्ट करतो. हे सगळं २००९ पूर्वी परवानगी मिळालेल्या त्या गटातल्या शाळांबद्दल आहे. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याखाली निघालेल्या शाळांना अनुदान मागता येत नाही. संस्थाचालक नेमणुकीच्या वेळी 'पुढेमागे अनुदान येईलच' म्हणून नोकरीला येणाऱ्या तरुणांकडून पैसे घेतात. देऊ नका. ते अनुदान येणार नाही.

घोषणा झाली, जीआर निघाला, तरी पैसे आले नाहीत. मध्ये अडतात कुठे?

तरतूद, वितरण आणि खर्च ही तीन वेगळी कामं आहेत, आणि पाणी मुरतं ते या तिघांच्या मधल्या फटींत.

तरतूद म्हणजे पुस्तकात लिहिलेला आकडा. तो बीम्स या संगणक प्रणालीत चढतो, पण सगळा एकदम खुला होत नाही. वित्त विभाग वर्षभर थोडा थोडा सोडतो. शिक्षण विभाग त्यातून पुण्याच्या शिक्षण संचालनालयाला देतो, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला किंवा थेट शाळेला. शेवटी कोषागारात देयक पास व्हावं लागतं. प्रत्येक पायरीला एक सही, एक आक्षेप, कधी एक रजा.

म्हणून तुम्ही कुठल्याही योजनेबद्दल विचाराल तेव्हा 'पैसे मंजूर झाले का' असं विचारू नका. उत्तर 'हो' असंच येतं, आणि ते खोटंही नसतं. विचारायचं असं : या लेखाशीर्षात तरतूद किती, आजअखेर जिल्ह्याला वितरित किती, आणि त्यातला खर्च किती? तीन आकडे हातात आले की गाडी कुठे अडली ते दिसतं. तरतूद आहे आणि वितरण शून्य, तर मुंबईत भांडायचं. वितरण झालं आणि खर्च नाही, तर जिल्ह्याच्या ठिकाणी. माहिती अधिकारात हेच तीन आकडे मागा, पानभर निबंध लिहू नका.

मार्चअखेरीला उलटीच तऱ्हा. वर्षभर ठणठणाट, आणि शेवटच्या आठवड्यात निधी येतो. एकतीस तारखेपर्यंत खर्ची पडला नाही तर परत जातो. मग मुख्याध्यापक मिळेल त्या दुकानातून मिळेल ती वस्तू उचलतात. मागच्या मार्चमध्ये एका शाळेत नवीकोरी ढोल-ताशांची जोडी दिसली, आणि पाण्याच्या टाकीला मात्र तोटी नव्हती. मुख्याध्यापकांना टोमणा मारण्यात अर्थ नव्हता. प्लंबर वेळेत मिळाला नाही आणि दुकान उघडं होतं, इतकंच.

जिल्हा परिषदेच्या शाळेला वर्षाला नक्की किती पैसे मिळतात?

समग्र शिक्षा योजनेतून संयुक्त शाळा अनुदान येतं. केंद्र ६० टक्के, राज्य ४० टक्के. रक्कम पटावर ठरते. ३० पर्यंत पट असेल तर १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००, २५१ ते १,००० ला ७५,००० आणि त्यापुढे एक लाख. हे वर्षाचे, आणि यातले १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे.

डोंगरातल्या एका दोन शिक्षकी शाळेची खर्चवही मी बसून बघितली. पट २८, म्हणजे दहा हजार. त्यातले हजार फिनेल, झाडू, साबणाला. विजेचं बिल हा सगळ्यात मोठा घास. मग खडू, हजेरीपत्रकं, प्रिंटरची शाई, रंगाचा एक डबा, कुलूप, आणि पंखा दुरुस्तीचे चारशे. ऑनलाइन माहिती भरायला लागणाऱ्या नेटचा रिचार्ज वहीत नव्हता, तो गुरुजींच्या खिशातून. त्याच रस्त्यावर पुढच्या वाडीत पट ३१ आहे. तीन मुलं जास्त आणि अनुदान अडीचपट. भिंती तितक्याच, छपरं तितकीच, मीटरही एकच.

माझं म्हणणं असं आहे की दुर्गम भागातल्या शाळांना पट बघून नव्हे तर किमान खर्च बघून रक्कम मिळावी. राज्याने आपल्या तिजोरीतून वरची भर घालावी. ही मागणी मी लेखी दिली आहे. अजून उत्तर नाही.

खासगी अनुदानित शाळांना वेगळं वेतनेतर अनुदान (पगाराशिवायच्या खर्चासाठी) असतं, पगाराच्या ५ टक्क्यांच्या हिशेबाने. पण तो हिशेब जुन्या वेतन आयोगाच्या पगारावर. पगार सातव्या आयोगाचे, झाडू मात्र जुन्या आयोगाच्या भावाने आणायचा.

पोषण आहारातली अंडी का बंद झाली?

नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्यातून एकदा अंडं, आणि न खाणाऱ्यांना केळं, असं सुरू होतं. २८ जानेवारी २०२५ च्या शासन निर्णयाने नवी पाककृतींची यादी आली. अंडा पुलाव आणि गोड पदार्थ ऐच्छिक झाले. अंडी आणि साखरेसाठी शासन वेगळे पैसे देणार नाही, शाळा व्यवस्थापन समितीने लोकसहभागातून उभे करावेत, असं त्यात आहे.

जिथे लोकांना परवडतं तिथे पोरं घरीही अंडं खातात. जिथे परवडत नाही तिथे लोकसहभाग कुठून आणायचा? निर्णय लिहिणाऱ्याने हा विचार केलेला दिसत नाही.

नेहमीच्या आहाराचा दर १ मे २०२५ पासून पहिली ते पाचवीला मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि सहावी ते आठवीला १० रुपये १७ पैसे आहे. तांदूळ वेगळा, तो केंद्राकडून येतो, रोज १०० आणि १५० ग्रॅम. चाळीस मुलांच्या प्राथमिक शाळेचा हिशेब करा : दिवसाला २७१ रुपये २० पैसे. डाळ, तेल, मीठ-मसाला, भाजी, जळण, सगळं त्यात. शिवाय हे सगळे पैसे शाळेच्या हातात येत नाहीत. ग्रामीण भागात धान्यादी माल ठेकेदार पोचवतो आणि शाळेकडे इंधन-भाजीपाल्याची रक्कम येते, तीही मागाहून. किराणा दुकानात उधारी मुख्याध्यापकांच्या नावावर असते, शासनाच्या नव्हे.

स्वयंपाक करणाऱ्या ताईंचं मानधन महिन्याला २,५०० रुपये. हे वाढवा, असं मी दर अधिवेशनात मांडतो. त्याला 'उचित विचार केला जाईल' असं उत्तर मिळतं.

गणवेश कोण देणार?

शाळा व्यवस्थापन समिती. २०२४-२५ मध्ये राज्यभर एकाच ठिकाणाहून कापड आणि शिलाई करण्याचा घाट घातला होता. मापं चुकली, कुठे दिवाळीनंतर गणवेश आले. डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय बदलला. आता पूर्वीसारखे दोन गणवेशांचे मुलामागे ६०० रुपये समितीकडे येतात. शिलाई गावातल्या शिंप्याकडे किंवा बचतगटाकडे द्या.

आरटीईतून मुलीला इंग्रजी शाळेत प्रवेश मिळाला. ती आठवी पास झाली. शाळा आता नववीची पूर्ण फी मागते. हे कायद्यात बसतं का?

दुर्दैवाने, बसतं. शिक्षण हक्क कायद्यातल्या (आरटीई) खासगी शाळांमधल्या २५ टक्के राखीव जागा आठवीपर्यंतच्या शिक्षणासाठी आहेत. राज्य शाळेला प्रतिपूर्ती (या मुलांच्या फीची भरपाई) करतं तीही आठवीपर्यंतच. त्याची कमाल मर्यादा मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये. नववीपासून ना प्रतिपूर्ती, ना सवलतीचं बंधन. पालकांना हे पहिलीत प्रवेश घेताना कुणी सांगत नाही, आणि आठ वर्षांनी एकदम चाळीस-पन्नास हजारांचा कागद हातात पडतो.

तूर्त मार्ग दोन. जवळच्या अनुदानित हायस्कूलमध्ये नववीला प्रवेश, त्यात मी मदत करीन. किंवा त्याच शाळेला फीमध्ये सूट आणि हप्ते मागणं. काही संस्था देतात. मागायला लाजू नका.

शाळांचीही एक बाजू आहे. प्रतिपूर्तीचे पैसे वर्षानुवर्षं थकतात आणि मग त्याचा राग पालकांवर निघतो. सरकारने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी नियमच बदलून टाकला होता : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. पैसे वाचवण्याचा तो सोपा रस्ता होता. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली, १९ जुलै २०२४ ला तो रद्द केला, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. त्यामुळे सोडत जुन्या पद्धतीनेच चालते. आता थकबाकीसाठी पुरेशी तरतूद करणं हा एकच प्रामाणिक उपाय उरतो.

वीसच्या आत पट असलेली शाळा बंद होणार का?

'बंद' असा सरसकट आदेश नाही. पण सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने समूह शाळांचे (छोट्या शाळा एकत्र करून एक शाळा) प्रस्ताव मागवले होते. त्या पत्रात राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा आणि त्यांत १,८५,४६७ मुलं असल्याचं म्हटलं होतं. उदाहरणं दिली होती तोरणमाळ आणि पानशेतची.

माझं मत : वाहतुकीची पक्की सोय आणि पालकांची संमती असेल तिथे समूह शाळेचा विचार करायला हरकत नाही. जिथे ओढा आडवा येतो, किंवा मुलींना रानातून चालत जावं लागेल, तिथे तीन मुलांचीही शाळा राहिली पाहिजे. कायद्यात प्राथमिक शाळेसाठी एक किलोमीटरची अपेक्षा आहे, ती कुणाच्या सोयीसाठी घातलेली नाही.

शाळा बंद न करताही ती उघडी पडते, हे मात्र खरं. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या (पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या) निकषांचा फटका विशेषतः सहावी ते आठवीच्या कमी पटाच्या वर्गांना बसतो. शिक्षक कमी झाला की पालक पोरं काढतात, पोरं गेली की पट घटतो, आणि पुढच्या संचमान्यतेत आणखी एक पद जातं. यात आपल्या हातात असलेली एकच गोष्ट म्हणजे आधार. संचमान्यतेत आधार वैध असलेलीच मुलं धरली जातात. वर्गात बसलेलं मूल नावातल्या एका वेलांटीपायी यंत्राला दिसत नाही. ऊसतोड आणि वीटभट्टीवरच्या घरांतली पोरं यात जास्त सुटतात. ३० सप्टेंबरच्या आधी शाळेत जाऊन मुलाचं आधार वैध झालंय का ते बघा. तालुक्याला शिबिर लावायचं पत्र मी दिलं आहे.

आमदार निधीतून शाळेची खोली बांधून द्या.

आमदार निधी वर्षाला ५ कोटी. ऐकायला मोठा वाटतो. पण गावांची संख्या बघा, आणि रस्ते, सभागृहं, स्मशानशेड, पाण्याच्या टाक्या यांच्या मागण्या बघा. मी काम सुचवतो, प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी देतात, पैसा माझ्या हातात येत नाही. खोली, बाकं, संगणक, कुंपण यांतून होऊ शकतं. शिक्षकाचं मानधन, वीजबिल असा आवर्ती खर्च होऊ शकत नाही. त्यामुळे 'एक खासगी शिक्षक ठेवतो, पगार आमदार निधीतून द्या' हे शक्य नाही.

वर्गखोल्यांसाठी खरी जागा जिल्हा वार्षिक योजना आहे. २०२५-२६ मध्ये राज्याने तिच्यासाठी २०,१६५ कोटी ठेवले, आणि त्यातला किमान ५ टक्के निधी शालेय शिक्षणासाठी राखायचा, असं धोरण आहे. आपल्या जिल्ह्यात हे ५ टक्के पाळले गेले का, ते मी नियोजन समितीच्या बैठकीत लेखी विचारतो. तुमच्या शाळेची खोली धोकादायक असेल तर बांधकाम विभागाचा निर्लेखनाचा (जुनी खोली नोंदीतून काढल्याचा) दाखला आधी घ्या. जुनी खोली कागदावर उभी असेपर्यंत नवी मंजूर होत नाही. इथेच बहुतेक प्रस्ताव लटकतात.

२०२५ च्या पावसाळ्यात बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक होते. सेसच्या (जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नाच्या) पैशाबद्दल सभेत उभं राहून विचारणारा सदस्यच नव्हता. जिथे निवडणुका झाल्या नाहीत, तिथे ही फट राहते.

लाडक्या बहिणीमुळे शाळांचे पैसे गेले, असं म्हणतात. खरं काय?

योजनेसाठी २०२४-२५ मध्ये ४६ हजार कोटींचा अंदाज होता, २०२५-२६ मध्ये ३६ हजार कोटींची तरतूद होती. शिक्षकांच्या पगाराचं लेखाशीर्ष कापून ते पैसे इकडे वळवले, असं कुठे दिसलेलं नाही. पण तिजोरी एकच असते. एवढा मोठा, दर महिन्याचा, न टाळता येणारा खर्च आला की ताण पडतो तो टाळता येणाऱ्या खर्चावर. दुरुस्ती, बांधकाम, प्रतिपूर्ती, वाढीव टप्पा यांच्या फायली 'उपलब्धतेनुसार' होतात. मला बायकांच्या हातात पडणाऱ्या पंधराशे रुपयांबद्दल तक्रार नाही. त्यांतल्या कितीतरी जणी त्या पैशांतून पोरांच्या वह्याच घेतात. तक्रार आहे ती उत्पन्न न वाढवता दोन्हीकडे हो म्हणण्याची.

मग तुम्ही सभागृहात नक्की करता काय?

तारांकित प्रश्न (मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचे), लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे लक्ष वेधणारी सूचना), अर्धा तास चर्चा आणि मागण्यांवर कपात सूचना (मागितलेली रक्कम कमी करा, अशी). कपात सूचना मंजूर होत नसते, कारण ती मंजूर होणं म्हणजे सरकारवर अविश्वास. पण तिच्यामुळे विषय मांडायला मिळतो. लक्षवेधी लागली तर मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं, आणि सभागृहात दिलेलं आश्वासन आश्वासन समितीकडे नोंदलं जातं. ते नंतर पाठपुराव्याला कामाला येतं. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात जनसुरक्षा विधेयकाच्या गदारोळात शाळांचे बरेच विषय मागे पडले, हेही सांगितलं पाहिजे. विधान परिषदेत शिक्षकांचे म्हणून निवडून आलेले सात आमदार आहेत. पक्ष न बघता शाळेच्या प्रश्नावर मी त्यांच्याबरोबर उभा राहतो.

खासगी शाळेने मनमानी फी वाढवली तर?

२०११ च्या शुल्क विनियमन कायद्याखाली पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मान्यता लागते. त्या समितीच्या बैठकीचं इतिवृत्त मागा. बऱ्याचदा बैठकच झालेली नसते.

तक्रार घेऊन कार्यालयात येताना काय आणायचं?

शाळेचा यूडायस क्रमांक (सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक). संबंधित जीआरची तारीख, माहीत असेल तर. शाळेने किंवा तुम्ही केलेल्या आधीच्या अर्जाची पोच. खोलीचा विषय असेल तर फोटो आणि निर्लेखनाचा दाखला. पगाराचा असेल तर शेवटचं देयक आणि वैयक्तिक मान्यतेची प्रत. फक्त तोंडी सांगितलेल्या गोष्टीवर मला फोन करता येतो, पत्र देता येत नाही.

ज्यांना आपला विषय नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात यावा असं वाटतं, त्यांनी कागद दिवाळीच्या आधी पोचवावेत. तारांकित प्रश्नाची सूचना बरीच आधी द्यावी लागते, आणि अधिवेशनाच्या आदल्या दिवशी दिलेल्या कागदाचं मी फार तर निवेदन करू शकतो.